पेनिसिलिन कोणाचें?

शास्त्रीय संशोधन सरकारनें चालवावें कीं तें खासगी कंपन्यांवर सोपवावें, हा वाद बहुधा केवळ तत्त्वाच्या भूमिकेवरून घातला जातो. एका पक्षास कंपनी म्हणजे निव्वळ नफेबाजी वाटते, तर दुसऱ्यास सरकार म्हणजे निव्वळ दप्तरदिरंगाई. अशा वादांत इतिहासाची साक्ष काढलेली बरी. त्यासाठीं ज्याचें नांव घरोघर ठाऊक आहे अशा पेनिसिलिन या औषधाची हकीकत पाहूं.

१९२८ सालच्या सप्टेंबरांत लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग यांस आपल्या एका काचपात्रांत बुरशी वाढलेली, व तिच्या सभोंवारचे जंतु नाहींसे झालेले दिसले. पुढील वर्षीं त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. परंतु बुरशीच्या रसांतील तें नाजूक द्रव्य शुद्ध रूपांत काढणें त्यांस साधलें नाहीं. आणि जवळजवळ दहा वर्षें तो निबंध ग्रंथालयांतून पडून राहिला. तो कोणापासून लपविलेला नव्हता; कोणत्याहि कंपनीस तो वाचतां आला असता. पण विकावयाचा माल जेथें डोळ्यांसमोर नाहीं तेथें भांडवल सहसा जात नाहीं, आणि हें त्याच्या स्वभावधर्मास धरूनच आहे.

हें काम पुढें नेलें तें ऑक्सफर्ड विद्यापीठांतील हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व नॉर्मन हीटली यांनीं. ब्रिटिश सरकारच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें थोडीशी रक्कम दिली. मोठा हातभार अमेरिकेंतील रॉकफेलर न्यासानें लावला. २५ मे १९४० रोजीं आठ उंदरांस घातक जंतु टोंचण्यांत आले. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों पेनिसिलिन दिलेले चारहि उंदीर जिवंत, व न दिलेले चारहि मेलेले! परंतु युद्धकाळांत साधनें इतकीं तोकडीं कीं रोग्यांच्या शौचपात्रांत बुरशी वाढवावी लागे. १९४१ च्या फेब्रुवारींत जंतुदोषानें मरणपंथास लागलेल्या एका पोलीस शिपायास हें औषध देण्यांत आलें. तो सुधारूं लागला. पण औषध पुरेना. त्याच्या लघवीवाटे बाहेर पडलेलें पेनिसिलिन वेगळें काढून पुन्हां त्यासच टोंचलें. तेंहि संपलें, आणि मार्चमध्यें तो वारला. ज्ञान होतें, माल नव्हता. विद्यापीठाच्या सामर्थ्याची सीमा येथें दिसते.

त्याच वर्षीं जुलैंत फ्लोरी व हीटली अमेरिकेस गेले. तेथें पिओरिया गांवीं सरकारी शेतकी खात्याची एक प्रयोगशाळा होती; शेतमालाचे नवे उपयोग शोधणें हें तिचें काम. मक्यापासून स्टार्च काढतांना उरणारा द्रव बुरशीच्या खाद्यांत घालतांच पेनिसिलिनचें उत्पन्न अनेक पटींनीं वाढलें, आणि उथळ भांड्यांऐवजीं खोल टाक्यांत बुरशी वाढविण्याच्या पद्धतीसहि तेथें चालना मिळाली. मात्र मोठमोठ्या टाक्या रात्रंदिवस चालविणें हें प्रयोगशाळेचें काम नव्हे. तें कसब कंपन्यांपाशीं होतें. बुरशीपासून सायट्रिक आम्ल काढण्यांत मुरलेल्या फायझर कंपनीनें ब्रुकलिनमधील एक बर्फाचा कारखाना विकत घेऊन १ मार्च १९४४ रोजीं तेथें उत्पादन सुरू केलें. मर्क, स्क्विब याहि कंपन्या झटल्या. पण त्यांच्या साहसामागें सरकारची युद्धकालीन मागणी उभी होती, हें विसरतां कामा नये.

मग हें औषध कोणाचें? रुग्णालयाचें, विद्यापीठाचें, सरकारचें, कीं कंपनीचें? यांतील एकहि दुवा काढला तर सांखळी तुटते. तेव्हां दोन्ही पक्ष हवेत, असें गुळमुळीत उत्तर देऊन मोकळें होतां येईल. पण इतिहास त्याहून नेमकें कांहीं सांगतो. गिऱ्हाईक दिसत नाहीं तोंवरचा खर्च समाजानेंच सोसला पाहिजे. तें दिसूं लागल्यावर माल काढण्याचें काम कंपनीनें खुशाल करावें; पण ज्यानें आधींचा खर्च सोसला त्यानें फळावरील हक्क गमावूं नये. ऑक्सफर्डच्या शोधाचें पेटंट घ्यावें असा चेन यांचा आग्रह होता. वैद्यकाच्या नीतीस तें शोभत नाहीं, म्हणून वरिष्ठांनीं तो मोडून काढला. पुढें उत्पादनपद्धतींचीं पेटंटें अमेरिकेंत घेतलीं गेलीं, आणि ब्रिटिश उत्पादकांवर मोबदला भरण्याची पाळी आली. लोकांच्या पैशानें लावलेल्या झाडास कुंपण कोणीं घालावें याचा विचार आधीं न केल्यास दुसरा कोणी तरी तें घालतो.

उलटपक्षीं, सरकार म्हणजे सर्व रोगांवर मात्रा, असेंहि नाहीं. पुण्याजवळ पिंपरी येथें भारत सरकारनें १९५४ सालीं, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें, हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही संस्था स्थापन केली. पेनिसिलिन तर तेथें निघालेंच. शिवाय बुरशीजन्य रोगांवरील हमायसिन हें औषधहि तेथील संशोधनांतून निघालें. पुढें मात्र हा कारखाना तोट्यांत गेला.

हा प्रश्न जुन्या इतिहासाचाच असता तर एवढा प्रपंच केला नसता. आज पेनिसिलिनास व त्याच्या मागून आलेल्या औषधांस दाद न देणारे जंतु वाढत आहेत. नवें औषध निघालें तरी तें शहाणा डॉक्टर राखून ठेवतो, मोजक्या रोग्यांस मोजके दिवस देतो. म्हणून त्याचा खप थोडा. अकाओजेन या अमेरिकन कंपनीच्या प्लाझोमायसिन या औषधास २०१८ सालीं सरकारी मान्यता मिळाली, आणि २०१९ सालीं कंपनीचें दिवाळें निघालें. म्हणजे गिऱ्हाईक पुन्हां दिसेनासें झालें आहे, आणि समाजाची पाळी पुन्हां आली आहे.

१९४१ सालीं त्या शिपायास औषध पुरलें नाहीं, यांत कोणाचा दोष नव्हता. यापुढें तसा रोगी दगावला तर दोष कोणाचा, हें सांगणें मात्र कठीण जाणार नाहीं.