उत्तर कोणी दिले?

अॅप्लिकेशन चालू आहे, कंटेनरच्या लॉगमध्ये एकही चूक दिसत नाही, आणि तरीही ब्राउझरमध्ये पान उघडत नाही. क्लाउडवर काम करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते. माझ्यावर ती पहिल्यांदा आली, तेव्हा एकामागून एक सेटिंग बदलण्यात मी अख्खी रात्र घालवली. पहाटे उलगडा झाला. अॅप्लिकेशन फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर कान देऊन बसले होते. स्वतःच्या पॉडमधली हाक तेवढी त्याला ऐकू येत होती. तिथे सगळ्या पत्त्यांवर ऐकायला सांगणारे ०.०.०.० लिहिले आणि पान उघडले. त्या रात्री मी उपाय पुष्कळ केले होते, पण प्रश्न एकही नीट विचारला नव्हता. या पुस्तकाचे मूळ त्या रात्रीत आहे.

हे पॉड कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिस या व्यवस्थेतले; गूगलने ती २०१४ साली जाहीर केली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या किनाऱ्यावरचा तांडेल म्हणा ना. या व्यवस्थेत पॉड अल्पायुषी असतात. एक बंद पडला की त्याच्या जागी दुसरा उभा राहतो, आणि त्याचा आयपी पत्ता नवा असतो. त्यामुळे पत्त्यावर विसंबून चालत नाही. सर्व्हिस हे स्थिर नाव पुढे राहते आणि ती लेबल पाहून आपले पॉड ओळखते. या रचनेचे सगळे बळ या ओळखीत आहे आणि तिचे दुखणेही तिथेच आहे. लेबलमध्ये एक अक्षर चुकले तरी सर्व्हिस कोणतीही तक्रार न करता तयार होते. तिच्यामागे पॉड मात्र एकही नसतो.

बाहेरून विनंती पाठवण्याआधी ब्राउझर डीएनएसकडे पत्ता विचारतो. मग लोड बॅलन्सर, होस्टचे नाव आणि पाथ पाहून वाट दाखवणारा इनग्रेस, सर्व्हिस असे टप्पे ओलांडत विनंती पॉडपर्यंत पोचते. प्रत्येक टप्प्याची नकार देण्याची तऱ्हा निराळी असते, आणि दोष शोधण्याच्या शास्त्राचा पाया त्या तऱ्हा ओळखण्यात आहे. ‘कनेक्शन रिफ्युज्ड’ आले तर बहुधा मशीनपर्यंत वाट मोकळी आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. काहीच उत्तर न येता टाइमआउट झाला तर संशय फायरवॉलवर घ्यावा; नोडपोर्ट प्रकारच्या सर्व्हिससाठी राखलेले ३०००० ते ३२७६७ हे पोर्ट उघडायचे राहून जाणे ही नेहमीची चूक आहे. ४०४ दिसले तर ते इनग्रेसने दिले की अॅप्लिकेशनने, हे आधी ठरवावे. इनग्रेसने दिले असेल तर होस्टचे नाव किंवा पाथ जुळलेला नाही. एनजिनएक्सवर चालणारा इनग्रेस ५०३ देतो तेव्हा बहुतेकदा सर्व्हिसमागे एकही तयार पॉड नसतो: लेबल चुकलेले असते किंवा पॉड तयार आहे का हे पाहणारा रीडिनेस प्रोब नापास होत असतो. ५०२ आले तर मागचा पॉड सापडला, पण संवाद जमला नाही. सर्व्हिस पॉडच्या ज्या पोर्टवर विनंती पाठवते तो टार्गेट पोर्ट तपासावा. ५०४ म्हणजे उत्तराची वाट पाहून वेळ संपली; एनजिनएक्समध्ये ही मुदत मूळची ६० सेकंदांची असते.

म्हणून या पुस्तकातली प्रकरणे आतून बाहेर जाणाऱ्या क्रमाने लावली आहेत. आधी पॉडच्या आत शिरून अॅप्लिकेशनला हाक मारायची. मग क्लस्टरमधूनच सर्व्हिसच्या नावाने, मग होस्टचे नाव देऊन थेट इनग्रेसला, आणि शेवटी बाहेरच्या जगातून. ज्या टप्प्यावर उत्तर पहिल्यांदा बिघडते, दोष त्या टप्प्यात किंवा त्याच्या आधीच्या सांध्यात असतो. सगळीकडे एकदम हात घातला, तर पान उघडलेच तरी ते कशामुळे उघडले हे कळत नाही, आणि तोच दोष पुढच्या महिन्यात परत येतो.

हे क्षेत्र झपाट्याने बदलते. इनग्रेसला २०२० साली स्थिर दर्जा मिळाला, आणि २०२३ मध्ये त्याच कामासाठीच्या गेटवे एपीआयची १.० आवृत्ती आली. आज शिकलेल्या आज्ञा उद्या जुन्या होतील. पण विनंतीला टप्प्याटप्प्यानेच जावे लागणार आणि प्रत्येक टप्पा आपल्या परीने काहीतरी सांगणार, यात फरक पडणार नाही.

या वाटेवर नव्याने येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. नेटवर्किंगची पदवी नसली तरी बिचकू नका; एक टर्मिनल आणि थोडा धीर एवढे भांडवल पुरते. पुढच्या वेळी पान उघडले नाही, तर कोणत्याही सेटिंगला हात लावण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: हे उत्तर कोणी दिले? ती ओळ खात्रीने भरता आली, तर शोधाचे क्षेत्र तिथेच निम्म्याहून लहान झालेले असेल.