इंजिनाचा ताप आणि त्याचं निदान

श्रोतेहो, तत्त्वज्ञानाचा माणूस सिरसाळ्यात येऊन इंजिनाच्या पाण्यावर काय बोलणार, ही शंका काहींच्या चेहऱ्यावर दिसतेय. (हशा) रास्त आहे ती. पण गाडी गरम का झाली हा प्रश्न शेवटी कार्यावरून कारणाकडे जाण्याचा आहे, आणि आमचा सगळा जन्म त्याच प्रश्नात गेला. शिवाय त्यात आमचीही एक चूक आहे. ती आज सांगायची आहे.

आधी इतिहास पाहू. १८२४ साली सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्यानं दाखवून दिलं की उष्णतेपासून काम करून घ्यायचं तर तिच्यातली काही उष्णता थंड जागी सोडावीच लागते. सगळीच्या सगळी कामात बदलता येत नाही. पुढं रुडॉल्फ डिझेलनं १८९३ मध्ये आपल्या इंजिनाची कल्पना पुस्तकरूपानं मांडली. त्याचा हिशेब असा, की इंधन हळूहळू जाळलं तर तापमान फारसं वाढणारच नाही, मग सिलिंडरभोवती पाणी हवं कशाला? त्याचं पहिलं प्रायोगिक इंजिन खरोखर पाण्याच्या आवरणाशिवाय बनलं होतं. प्रयोगात ते टिकेना. पाणी द्यावंच लागलं. १८९७ मध्ये ऑग्सबर्गला प्राध्यापक श्रोटर यांनी घेतलेल्या चाचणीत त्याच्या इंजिनानं इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामात आणली. त्या काळी हा मोठाच आकडा होता. तरी तीन चतुर्थांश उष्णता उरतेच. ती धुरातून, पाण्यातून आणि लोखंडातून बाहेर जाते.

आपल्याकडं हे इंजिन मोटारीतून येण्याआधी विहिरीवर आलं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि मराठवाड्याच्या मळ्यांत ऑइल इंजिनाचा आवाज घुमू लागला. आमच्या पिढीनं ते पाहिलंय. पंपानं उपसलेल्या पाण्यातली एक बारीक धार इंजिनात फिरून गरम होऊन बाहेर पडायची आणि थंडीत पोरं तिच्याखाली अंघोळ करायची. तिथं पाणी सारखं नवं असायचं. मोटारीत तेच पाणी पुनःपुन्हा फिरतं, म्हणून रेडिएटर, पंखा, पंप आणि थर्मोस्टॅट आले. १९३६ मध्ये जर्मनीत मर्सिडीजची २६० डी ही डिझेल मोटार आली. आपल्याकडं डिझेल जीप गावोगाव फिरल्या आणि १९९८ मध्ये इंडिका आल्यावर डिझेलची छोटी गाडीही घराघरांपुढं उभी राहिली.

थंडाव्यासाठी पाणी लागतं हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. परळीचं औष्णिक वीज केंद्र इथून जवळच आहे. २०१३ च्या दुष्काळात कोळसा असूनही पाण्याअभावी तिथले संच बंद ठेवावे लागले. कार्नोचा सिद्धांत आपण असा दारात पाहिला.

आता आमची गोष्ट. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडं एक जुनी डिझेल जीप होती. मे महिन्यात धारूरच्या घाटात काटा लाल पट्टीवर गेला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. आम्ही खाली उतरायच्या आधीच त्याला म्हणालो, "पाणी पाहिलं नाहीस ना?" तो म्हणाला, "पाहिलंय सर, सकाळीच." आमचा विश्वास बसला नाही. एका मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणाला, आपल्या उन्हात याचं कामच नाही. पंधरा दिवसांत पाऊस पडला आणि गाडी ठीक चालली. आम्ही म्हणालो, बघा, दोष सापडला!

इथंच तर्क चुकला. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, थर्मोस्टॅट आणि हवा. श्रेय मात्र आम्ही एकीलाच दिलं. पुढच्या उन्हाळ्यात हेड गॅस्केट गेलं. तो खर्च आम्ही ड्रायव्हरच्या पगारातून कापला. दुसऱ्या कारागिरानं रेडिएटर उघडला तेव्हा आतल्या निम्म्या नळ्या पांढऱ्या क्षारानं बुजलेल्या निघाल्या. तो क्षार आमच्याच बोअरच्या जड पाण्याचा. कूलंटचा खर्च कशाला, बोअरचं पाणी घाल, असं आम्हीच त्याला सांगितलं होतं.

माधवनिदानात रोग ओळखायचे पाच मार्ग सांगितलेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे चाहूल, रूप म्हणजे उघड लक्षण, उपशय म्हणजे कशानं उतार पडतो ते, आणि संप्राप्ती म्हणजे रोग कसा वाढत गेला. गाडीलाही हेच विचारा. उभी असताना तापते आणि धावू लागली की उतरते? मग पंखा किंवा त्याचा पट्टा पाहा. फक्त चढावर, ओझ्याखाली तापते? मग रेडिएटर आतून बुजलाय का, बाहेरून जाळीत कचरा-भुसा भरलाय का, ते पाहा. काटा वर आहे पण वरचा पाइप गार? मग थर्मोस्टॅट अडकला असेल. पाणी सारखं कमी होतंय, पण गळती दिसत नाही, पांढरा धूर येतोय, ऑइल दुधाळ झालंय? मग गॅस्केटचा संशय घ्या. आणि काट्यावरही आंधळा विश्वास नको. पाणी फारच कमी झालं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. लक्षण दिसत नाही म्हणजे रोग नाही, असं नसतं.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा इलाज नव्हे. डिझेल इंजिन रिकामं चालताना तसंही लवकर तापत नाही. थर्मोस्टॅट नसेल तर ते थंडच राहतं, डिझेल जास्त पितं आणि झिजतं. रेडिएटरचं टोपण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. गरम इंजिनावर ते उघडलं की सगळं एकदम उकळून अंगावर येतं. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत टोपणाला हात लावू नका. हे तेवढं नक्की लक्षात ठेवा.

ड्रायव्हरचे पैसे आम्ही पुढं त्याच्या घरी नेऊन दिले. तोवर तो ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर कारखान्याकडं निघून गेला होता. पैसे त्याच्या आईनं घेतले. ती एवढंच म्हणाली, "तो खोटं बोलत नाही, हे तुम्हाला माहीत असायला पाहिजे होतं." आम्ही बरीच वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, पण पुरावा तपासायच्या आधी दोष कुणाच्या माथी मारू नये, हे आम्ही त्या दारात शिकलो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.