हातबाहुली
हातात मोज्यासारखी चढवून बोटांनी खेळवायची बाहुली. तर्जनी डोक्यात, अंगठा व मधले बोट दोन्ही हातांत, अशी तिची साधी रचना. महाराष्ट्राची जुनी परंपरा मात्र वेगळी आहे: कुडाळ तालुक्यातील पिंगुळीचे ठाकर कलावंत दोरीवरच्या कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्या खेळवतात. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मराठी घरांत बोलती बाहुली पोचवली ती शब्दभ्रमकार य. के. पाध्ये यांच्या अर्धवटरावाने आणि पुढे रामदास पाध्ये यांनी. ‘झपाटलेला’ चित्रपटातला (१९९३) तात्या विंचू हा बाहुलाही रामदास यांचाच.

हातबाहुलीच्या घरगुती चित्रफितीसाठी जुना पायमोजा पुरतो. टाचेपुढच्या भागात दुमडलेला पुठ्ठा चिकटवला की तोंड तयार होते. डोळ्यांना बटणे, केसांना लोकर. डोळे किंचित नाकाकडे ओढलेले असावेत, नाहीतर बाहुली कुठेच पाहत नाही असे वाटते.

मोज्याच्या बाहुलीत अंगठा खालच्या जबड्यात असतो; ती बोलताना तो खाली न्यावा. चार बोटे वर उचलली तर बाहुलीचे डोके दर अक्षराला मागे उडते, आणि नवशिक्यांची नेमकी हीच खोड असते. कॅमेऱ्यापुढे पडदा लागत नाही, चौकटीची खालची कडाच रंगमंच होते. अमेरिकी बाहुलीकार जिम हेन्सन यांनी १९५५ पासून दूरचित्रवाणीवर हेच तंत्र रुळवले. फोनच्या पडद्यावर स्वतःला पाहत खेळवता येते, मात्र तिथे डावे-उजवे उलटे दिसते. खरा त्रास दंडाला: पाच मिनिटांत हात भरून येतो, बाहुली हळूहळू चौकटीबाहेर बुडते.