शरीराच्या आंतील प्राणवायूचें मोजमाप

सन २०२० च्या १५ सप्टेंबरला महाराष्ट्रांत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. घरोघर जाऊन माणसांचा ताप पाहावा व रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण मोजावें, अशी तिची योजना होती. खेडींही तिच्या बाहेर नव्हतीं. ओतूरहून माळशेज घाटाकडे जातांना जुन्नर तालुक्यांतील डिंगोरे हें गांव लागतें. तसल्या गांवींही बोटाला चिमटा लावावयाचा, आणि आंकडा ९५ च्या खालीं गेला तर रोग्यास दवाखान्याची वाट दाखवावयाची, असा क्रम ठरला. धाप लागलेली नसतांही कित्येकांचा प्राणवायु घसरलेला सांपडे, म्हणून या आंकड्याची महती. श्रोत्यांपैकीं अनेकांच्या कपाटांत तो चिमटा आजही असेल. पण तो सांगतो तें नेमकें काय?

१८६४ सालीं इंग्लंडांत स्टोक्सनें दाखविलें कीं प्राणवायु मिळालेलें व तो गमावलेलें रक्त प्रकाश निरनिराळ्या रीतीनें शोषितें. पुढील सारा पसारा या रंगभेदावर उभा आहे. १९४२ सालीं अमेरिकेंत मिलिकननें वैमानिकांसाठीं कानाच्या पाळीला लावावयाचें यंत्र केलें. परंतु पाळींतील मांस व कातडीही प्रकाश शोषीत, त्यामुळें हिशेब अवघड होई. पुढें जपानांत ताकुओ आओयागी हे रक्तांत रंग टोचून हृदयाचें कार्य मोजीत असतां नाडीचा ठोका सारखा मध्यें येई. ती अडचणच किल्ली आहे, हें १९७४ च्या सुमारास त्यांच्या ध्यानीं आलें. जो प्रकाश ठोक्याबरोबर हलतो तो धमनींतील ताज्या रक्ताचा. बाकीचा सोडून द्यावा. अडचणीवर चिडणारे पुष्कळ, तिला कामाला लावणारा विरळा.

तथापि रक्त म्हणजे मेंदू नव्हे. चिमटा माल वाहणारी गाडी तपासतो. माल घरीं उतरला कीं नाहीं, हें त्यास ठाऊक नसतें. बंद खोलींत कोळशाची शेगडी पेटवून निजलेल्या माणसाच्या रक्तांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु भिनला, तरी आंकडा चांगलाच दिसतो. आणि आंत मेंदू गुदमरत असतो.

खुद्द अवयवांत डोकावण्याचें धाडस १९४२ सालींच डेव्हिस व ब्रिंक या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं केलें. प्लॅटिनमची अति बारीक तार जिवंत प्राण्याच्या पेशीजालांत घालून तिच्यावर त्यांनीं सौम्य विद्युद्दाब ठेविला. तारेपाशीं जितका प्राणवायु पोंचे तितका प्रवाह वाहे. रक्तांत मात्र उघड्या तारेवर लेप बसून ती निकामी होई. लेलँड क्लार्क यांनीं तिच्यावर प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचें पांघरूण घातलें आणि १९५६ त तें प्रसिद्ध केलें. वायु आंत जाई, लेप बाहेर राही. धमनींत पाऱ्याच्या सुमारें १०० मिलिमीटर असलेला प्राणवायूचा दाब मेंदूच्या पेशींपाशीं साधारण २० ते ४० च उरतो, हें अशाच मापनांनीं कळलें. १९७७ त यॉब्सिस यांनीं तर तारही टाकली, आणि कवटींतून आरपार जाणाऱ्या अवरक्त प्रकाशानें मेंदूचा प्राणवायु पाहिला.

कातडीच्या रंगाचा प्रश्न मात्र मागें राहिला. २०२० च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासांत, यंत्र ९२ ते ९६ दाखवीत असतां धमनींतील खरें प्रमाण ८८ च्याही खालीं, असें गोऱ्या रोग्यांच्या शेंकडा सुमारें ४ व काळ्या रोग्यांच्या शेंकडा सुमारें १२ मापनांत आढळलें. सांवळ्या हातांच्या देशाला ही बातमी लहान नव्हे. त्या सांथींत महाराष्ट्रांतील डॉक्टर रोग्यास सहा मिनिटें चालवून आंकडा पुन्हा पाहावयास सांगत. बसल्या जागीं झांकून राहिलेली तूट चालतांना उघडी पडे.