गंजिफांचा डाव

भाद्रपदांत गणपति घरीं आले कीं खेडसारख्या कोंकणांतील गांवीं रात्रीच्या जागरणाला भजनाबरोबर पत्त्यांचे डावहि रंगतात. हातीं असतात ते बावन्न पानांचे, किलवर-इस्पिकांचे पत्ते. हीं नांवेंच त्यांचें परकेपण सांगतात. ते घरोघर पोंचण्यापूर्वीं या देशांत गंजिफा खेळत असत. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हुसेनाकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. पुढें हिंदूंत या खेळाचें दशावतारी रूप रूढ झालें आणि सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनीं तें वाटोळ्या पानांवर रंगविलें.

हा खेळ शिकणाऱ्यानें प्रथम गणती ध्यानीं घ्यावी. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगांत बारा पानें, एकूण १२०. माशावरून मत्स्य, कासवावरून कूर्म ओळखावा. चिपळूणजवळ ज्याचें देवस्थान आहे तो परशुराम परशूवरून कळतो. राजा सर्वांत श्रेष्ठ, त्याखालीं प्रधान, मग एक्क्यापासून दहापर्यंतचीं पानें. परंतु पांच रंगांत दहा थोर व एक्का धाकटा, तर उरलेल्या पांचांत एक्का थोर व दहा धाकटें. नवशिका अडखळतो तो येथेंच.

बहुधा तिघे खेळतात. प्रत्येकास ४० पानें येतात. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्यानें डाव उघडावयाचा, रात्रीं कृष्णाचा राजा असेल त्यानें. हुकमाचा रंग नसतो. उतरलेल्या रंगांतील मोठें पानच हात जिंकतें. पोकरमध्यें हलकीं पानें असतांहि मोठी पैज लावून प्रतिपक्षास भिवविता येतें. येथें तसें सोंग चालत नाहीं. कोणतीं पानें गेलीं, कोणतीं उरलीं, हें जो स्मरणांत ठेवील तोच तरेल.

छापखान्यांतील स्वस्त पत्ते आले आणि हातानें रंगविलेल्या गंजिफा मागें पडल्या. १९४८ सालीं सावंतवाडी संस्थान विलीन झालें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांत कारागीर बसवून ही कला सांवरली. २०२४ सालीं तिला भौगोलिक मानांकनहि मिळालें.

मात्र मानांकन पानांना मिळतें, डावाला नाहीं. भेटवस्तु म्हणून घेतलेली गंजिफांची सुंदर पेटी कपाटांत राहिली, तर चित्रें वांचतील, पण खेळ जाईल. कारण त्याचे नियम पानांवर लिहिलेले नसतात, ते खेळणाऱ्यांच्या तोंडीं असतात. शिकविणारा एक आणि शिकणारे दोघे, इतके तिघे गणपतीच्या कोणत्याहि जागरणांत मिळूं शकतात. डाव मांडावयास तेवढे पुरेसे आहेत.