समुद्रातला बर्फ उपग्रहातून कसा मोजतात?

जुलैमध्ये शेळगावला घरी गेलो होतो. आमच्या उसाचा उपग्रह नकाशा मोबाईलवर आण्णांना दाखवायला गेलो, तर प्लॉटवर नुसता पांढरा ढग! आण्णा म्हणाले, "त्यापेक्षा बांधावर जाऊन बघ की." समुद्रातल्या बर्फाचा नकाशा करणाऱ्यांची अडचण हीच आहे, आणि त्यावरचा उपायही साधारण हाच आहे.

हा बर्फ मोजायचा कशाला?

अंटार्क्टिकात भारताची मैत्री (1989) आणि भारती (2012) ही संशोधन केंद्रं आहेत. गोव्यातली एनसीपीओआर ही संस्था तिथल्या मोहिमा चालवते. वर्षभराचं सामान जहाजाने जातं. पुढचा बर्फ किती आणि केवढा जाड, हे चुकलं तर जहाज अडकू शकतं.

एका उपग्रहाने का भागत नाही?

- कॅमेरा: फोटो स्पष्ट येतो. पण ढग असले किंवा ध्रुवावरची लांबलचक रात्र असली की काहीच दिसत नाही.
- मायक्रोवेव्ह: बर्फ आणि पाणी कमी-जास्त ताकदीच्या मायक्रोवेव्ह लहरी सोडतात. त्या ढगांतूनही पोचतात. 1978 पासूनची नोंद यावरच उभी आहे. पण एक ठिपका कित्येक किलोमीटरचा असतो. शिवाय उन्हाळ्यात बर्फावर साचलेली डबकी उघड्या समुद्रासारखी वाटतात.
- रडार: सेंटिनेल-1 सारखा उपग्रह स्वतःच लहरी सोडतो, त्यामुळे रात्रीही बर्फातली भेग दिसते. मात्र वाऱ्याने खवळलेलं पाणी बर्फासारखं दिसू शकतं.
- उंची मोजणारे: इस्रो आणि फ्रान्सचा सरल (2013) यातलाच. पाण्यावर 10 सेंटीमीटर बर्फ दिसला तर एकूण जाडी ढोबळमानाने 1 मीटर. म्हणजे वर 2 सेंटीमीटरची चूक झाली, तर जाडीत 20 सेंटीमीटरचा फरक!

मग बांधावर कोण जातं?

जहाजावरचे निरीक्षक ठराविक वेळाने बर्फाची नोंद करतात. शास्त्रज्ञ बर्फाला भोक पाडून टेपने जाडी मोजतात. पाण्याखाली बसवलेली सोनार यंत्रं खालून वर बघतात. एकाच जागेच्या, एकाच वेळच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कोणता उपग्रह कुठे फसतो ते कळतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, ज्याची चूक कमी त्याला वजन जास्त देऊन सगळ्या नोंदी एकत्र करतात.

फेब्रुवारी 2023 मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ 17.9 लाख चौरस किलोमीटरवर आला. म्हणजे जवळपास सहा महाराष्ट्र मावतील एवढा. उपग्रह नोंदींतला तोवरचा हा सर्वांत कमी आकडा. वर्षानुवर्षं ताडून पाहिलेली नोंद आहे, म्हणूनच यावर विश्वास ठेवता येतो.

तेव्हा पुढच्या वेळी मोबाईलवर असा रंगीत नकाशा दिसला, की दोन प्रश्न विचारा: हा कोणत्या प्रकारच्या उपग्रहाने पाहिला? आणि जागेवर जाऊन कुणी ताडला का?

आणि हो, त्या दिवशी मी बांधावर गेलो. ढगाखालच्या प्लॉटचा खालचा कोपरा पाणी साचून पिवळा पडला होता.