शेरखानचे लंगडणे आणि सावकाराच्या वह्या

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागे, तेव्हा अकोल्यातल्या आमच्या वाड्यात रंगीत टीव्ही एकच होता आणि त्यापुढे पंधरा-वीस पोरे सतरंजीवर बसत. शेरखानला हिंदीत नाना पाटेकरांचा आवाज होता. तो गुरगुरू लागला की सगळी पोरे गप्प होत. माझा भाचा मात्र गप्प बसणारा नव्हता. एकदा त्याने विचारले, "मामा, एवढं जंगल पडलं हाये, हरणं हायेत, डुकरं हायेत. शेरखानाले मोगलीच काऊन पायजे?"

मी तेव्हा विशीत होतो. "तो दुष्ट आहे म्हणून," असे उत्तर देऊन सुटलो. दुष्ट आहे म्हणून दुष्टपणा करतो, हे उत्तर नव्हे, हे मलाही कळत होते. पुढे नोकरी सांभाळून जुन्या पुस्तकांत डोके घालण्याची खोड लागली आणि त्या 'काऊन'चा शोध बरीच वर्षे चालला. त्यातून हाती आले ते इथे मांडतो.

आपण पाहिली ती मालिका जपानची. निप्पॉन अ‍ॅनिमेशनने ती १९८९ मध्ये काढली, भाग ५२. त्यात मोगलीच्या हाती ऑस्ट्रेलियातले बूमरँग आहे आणि सोबतीला हिमालयातला तांबडा पांडा. त्याआधीच्या १९६७ सालच्या डिस्नेच्या चित्रपटात तर माकडांचा राजा ओरांगउटान, म्हणजे सुमात्रा-बोर्निओचा रहिवासी. अशा चुका काढणे सोपे आहे आणि मुलांना त्याचे काही वाटत नाही, मलाही फारसे वाटत नाही. खटकतात ती पात्रांची कारणे. डिस्नेच्या चित्रपटात वाघ वर्षानुवर्षे त्या भागात नसतो. तो परतल्याची बातमी येताच लांडगे, ज्याला पोटच्या पोरासारखे वाढवले, त्या मुलाला घालवून द्यायचे ठरवतात. त्या वाघाने मुलाला कधी पाहिलेलेही नसते. बगीरा त्या मुलासाठी जीव का टाकतो, हेही कळत नाही. आणि जंगल सोडणार नाही म्हणून चित्रपटभर हट्ट धरणारा मोगली शेवटी पाण्याला आलेल्या एका मुलीमागे दोन मिनिटांत गावात निघून जातो.

मूळ पुस्तक शब्दकोश उशाशी घेऊन वाचले. रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला आणि 'जंगल बुक' १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले, पण ते लिहिले गेले अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये. शिवनीच्या जंगलाची माहिती त्याने बरीचशी स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या १८७७ सालच्या पुस्तकातून उचलली. त्या पुस्तकाच्या नावातच सातपुडा आहे. आपल्या मेळघाटातून निघालेली ही डोंगररांग पुढे शिवनीकडे जाते. वैनगंगा तिथलीच, पुढे भंडाऱ्याकडून गडचिरोलीत उतरणारी. म्हणजे प्रदेश परका नाही.

आता कारणे पाहा. शेरखान जन्मतः एका पायाने अधू, आई त्याला लंगडी म्हणायची. हरणामागे धावता येत नाही म्हणून तो गुरे मारतो. वैनगंगेकाठची गावे त्याच्यावर चिडली, तेव्हा तो इकडे सरकला. लांडगीण वैतागते ती यासाठी, की माणसे आता गवत पेटवतील आणि पिल्ले घेऊन आपल्याला पळावे लागेल. माणूस मारू नये हा जंगलचा कायदाही दयेपोटी आलेला नाही. एक माणूस मेला की हत्तीवरून बंदुका येतात, मागोमाग शेकडो हाकारे येतात आणि भोगावे सगळ्या जंगलाला लागते. जनावरे आपापसांत वेगळेच सांगतात, की माणूस दुबळा, त्याला मारण्यात मर्दुमकी नाही. खरे कारण आणि सांगायचे कारण किपलिंगने असे वेगळे ठेवले आहे. बगीराचेही तसेच. तो उदेपूरच्या राजवाड्यात पिंजऱ्यात जन्मलेला, गळपट्ट्याचा घट्टा त्याच्या हनुवटीखाली अजून आहे. माणसाच्या पोरासाठी तो ताजा मारलेला बैल किंमत म्हणून का मोजतो, हे मग समजावून सांगावे लागत नाही.

पण मी थबकलो ते एका वेगळ्याच जागी. मोगली गावात राहायला येतो, तेव्हा संध्याकाळी पारावर गावचा शिकारी बलदेव गप्पा मारत असतो. तो सांगतो, हा लंगडा वाघ खरा वाघ नव्हेच. त्यात पुरणदास सावकाराचे भूत आहे. दंगलीत सावकाराच्या हिशेबाच्या वह्या जाळल्या, तेव्हा त्याला मार बसला आणि तो लंगडू लागला, म्हणून वाघही लंगडतो.

हे वाक्य मी किती वेळा वाचले असेन! १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खाती आणि कर्जरोखे जाळले आणि तो वणवा पुणे-नगर भागात पसरला. १८७९ मध्ये त्यापायी कायदा झाला, तोही पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता. आपले वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी अमलाखाली होते. अमेरिकेतल्या यादवीत कापसाला सोन्याचा भाव आला, १८६५ नंतर तो कोसळला. अमरावती-अकोल्याच्या बाजारात रेल्वे आली, तशी जमीनही हळूहळू सावकाराकडे गेली. आमच्या घरातही आजोबांच्या वाटणीचे वावर असेच गेले, आणि आजोबा दुसऱ्याची गुरे राखू लागले. पारावरच्या एका गप्पेत किपलिंगने हे सारे अजाणता साठवून ठेवले आहे. अजाणता म्हणतो, कारण त्याचा मोगली ही गोष्ट हसण्यावारी नेतो आणि लेखकही त्याच्याच बाजूने उभा आहे. लोकांनी वह्या का जाळल्या, हे त्याने विचारले नाही.

वाघाचा शेवटही गुराख्याच्या हिशेबाने होतो. शेरखान डुक्कर खाऊन, पाणी पिऊन घळीत सुस्तावला आहे, हे कळल्यावर मोगली म्हशींच्या कळपाचे दोन भाग करून दोन्ही तोंडांनी घळीत घुसवतो. गुरे राखलेल्या माणसालाच सुचावी अशी ही युक्ती आहे. लगेच बलदेव कातडे मागायला हजर, कारण कान्हीवाड्याला सरकारने त्यावर शंभर रुपये बक्षीस लावले आहे. मोगलीला त्यातला एक रुपया देण्याचे औदार्य तो दाखवतो. डाव फसल्यावर तो पोरगा चेटक्या असल्याची हाकाटी करतो आणि गाव दगड मारते. पुढच्या भागात मोगलीला घरात घेणाऱ्या मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला चेटूक केल्याबद्दल जाळायचे ठरते. ते मेले की त्यांची जमीन आणि गुरे गावात वाटून घ्यायची असतात. नवऱ्याच्या म्हशी फार चांगल्या होत्या, असे किपलिंग जाता जाता नोंदवतो.

डिस्नेकडे बिल पीटने केलेल्या पहिल्या मांडणीत गाव होते, बलदेव होता. वॉल्ट डिस्नेला ती फार काळवंडलेली वाटली. १९६४ मध्ये पीट बाहेर पडला. नव्या कथालेखकाला पुस्तक न वाचण्याची सूचना मिळाली, ही हकिकत प्रसिद्धच आहे. गाव गेले, त्याबरोबर गुरे, बक्षीस आणि सावकारही गेला. मग वाघाला रागवायला कारण उरले नाही. तो माणसाच्या बंदुकीला आणि विस्तवाला भितो एवढेच शिल्लक राहिले. एक मात्र कबूल केले पाहिजे. त्या ओरांगउटान राजाला विस्तव हवा आहे, म्हणून तो मुलाला पळवतो, हे कारण पक्के आहे. किपलिंगच्या माकडांपेक्षाही पक्के.

पूर्वी मी या विषयावर बोलताना सगळा दोष चित्रवाल्यांवर टाकत असे. आता तसे म्हणवत नाही. किपलिंगची मेसुआ वाचते ती कान्हीवाड्याच्या इंग्रजाकडे पळून. आणि 'जंगल बुक'च्याही आधी, १८९३ मध्ये आलेल्या कथेत थोराड मोगली जंगलखात्यात गार्ड होतो, पगार आणि पेन्शनसकट. मेळघाटातल्या माणसाला यातला विनोद सांगायला नको. सोयीचे तेवढे ठेवून बाकीचे झाकणे किपलिंगलाही जमत होते.

तो भाचा आता चाळिशीला आला. परवा त्याची आठ वर्षांची मुलगी मोबाइलवर डिस्नेचा तोच चित्रपट पाहत होती आणि तिने बापाचाच प्रश्न विचारला. मी तिला पुरणदासाची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतले.

"आजोबा, वह्या जाळल्या तं मंग कर्ज मिटलं का?"

"सावकार मेला, पण वाघ होऊन परत आला, असं तो बलदेव सांगतो."

"मंग नाई मिटलं," ती म्हणाली, आणि चित्रपट पुन्हा सुरू केला.